स्टेफनी मायरची व्हॅम्पायर-कादंबरी 'ट्वायलाइट' आवडली, पण तिच्या दुसऱ्या भागात, 'न्यू मून'मध्ये, व्हॅम्पायर नायक एडवर्ड गायबच असतो म्हणे. वाचावं का?

वाचा. एडवर्ड बराच काळ नसतो हे खरं. नायिका बेलाच्या अठराव्या वाढदिवसाला भेट उघडताना तिचं बोट कागदाने कापतं, रक्त पाहून एडवर्डच्या घरातला दुसरा व्हॅम्पायर जॅस्पर तिच्या अंगावर धावतो आणि पुढे एडवर्ड तिला सोडून जातो. मग येतात जवळजवळ कोरी पानं, त्यांवर फक्त महिन्यांची नावं: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. मला अख्ख्या पुस्तकात तीच पानं सर्वांत जास्त लागली! मधला भाग रेंगाळतो, नाही म्हणत नाही; पण तो बेलाचा मित्र जेकब याचा आहे. आधी मोटरसायकली दुरुस्त करणारा, मग लांडगा होणारा. शेवटी इटलीतल्या व्होल्टेरात गोष्ट पुन्हा धावते. (२००९च्या सिनेमात दिसतं ते गाव मात्र मॉन्टेपुल्चानो.) हे वगळून थेट तिसरा भाग घेतलात, तर जेकब-एडवर्डचा तिढा अधांतरीच वाटेल.