रत्नागिरीत ‘जेसिका जोन्स’ या मालिकेतल्या नायिकेसारखं जॅकेट घ्यायचं, तर खरं चामडं की पीयू?

खरं चामडंच घ्या, मेंढीचं किंवा बकरीचं, ०.७ ते ०.९ मिलिमीटर जाडीचं, आतून सुती अस्तर असलेलं. पीयू म्हणजे कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर. दमट हवेत तो ओलाव्याने आतून विघटित होतो, आधी चिकट होतो आणि मग कॉलर-कोपरांवर पापुद्रे सुटतात. नुसतं कपाटात टांगून ठेवलं तरी. त्याला दुरुस्ती नाही. २०१५च्या मालिकेतलं ते जॅकेट साधं, काळं, बाइकवाल्यांच्या धाटणीचं आहे, त्यामुळे चकचकीत पॉलिश आणि ढीगभर बक्कल असलेलं टाळा. चेन पितळेचीच हवी. मुलामा दिलेली लोखंडी चेन खाऱ्या वाऱ्याने गंजून अडकते. चुंबक लावून बघा, चिकटला तर सोडून द्या. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी, आणि टी-शर्टवर घालून छातीशी चारेक बोटांची ढिलाई राहावी.

खऱ्या चामड्याला पावसाळ्यात बुरशी धरते, ती मात्र आवरता येते:

- रुंद हँगर, वर सुती खोळ. प्लॅस्टिकची पिशवी नको.
- खिशात सिलिका जेलच्या पुड्या, जून ते सप्टेंबर दर महिन्याला बदलायच्या.
- बुरशी दिसली तर घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्यावर ठेवा. उन्हात चामडं कडक होतं. खोबरेल तेल तर अजिबात नको, डाग पडतात.

फक्त गॅदरिंगमध्ये एकदाच घालायचं असेल तर पीयू चालेल. एरवी आपल्याकडे हे जॅकेट डिसेंबर-जानेवारीत, पहाटे दुचाकीवरच सोसवतं.