वरिष्ठ कार्यालयाकडे मंजुरीसाठी पत्र लिहायचं आहे. साहेब नाराज होणार नाहीत अशी भाषा कशी वापरावी?

तुम्ही लिहिलंय की नोकरीला लागून आठ महिने झालेत, पहिल्यांदाच वर काहीतरी मंजूर करून घ्यायचंय आणि 'साहेब नाराज होणार नाहीत अशी भाषा' हवी आहे. त्या शेवटच्या वाक्यापाशी मी अडकले, म्हणून हे उत्तर.

जिल्हा परिषदेच्या शाळांत २९ वर्षं काढली, त्यातली शेवटची १३ शाळेचा कारभार माझ्याकडे होता. भाषेवरून नाराज झालेला साहेब मी एकही पाहिला नाही. आपल्या पत्राने त्याच्या डोक्याला काम लावलं की तो नाराज होतो. मागताय काय, ते द्यायचा अधिकार त्याला आहे का, पैसा लागणार असेल तर कुठल्या लेखाशीर्षातून म्हणजे खर्चाच्या कुठल्या सदरातून, हे त्यालाच शोधावं लागलं तर दर ओळीत 'सविनय' घातलंत तरी कागद बाजूलाच पडणार.

मला ही अक्कल एका वर्गखोलीने शिकवली.

शाळा कोकणात, दोन खोल्यांची. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. मागची खोली १९५८ सालची. २०११ च्या जूनमध्ये तिच्या भिंतीला तडा दिसला, आढ्याला वाळवी आधीपासूनच होती. मी त्याच आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांना दोन पानी पत्र लिहिलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' इथून सुरुवात आणि 'चिमुकल्या जिवांच्या भवितव्याचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा' इथे शेवट. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. त्याची स्थळप्रत अजून माझ्याकडे आहे, आणि आज वाचली तरी मी मागितलं काय होतं ते कळत नाही. दुरुस्ती? नवी खोली? पाडायची परवानगी? विषय होता 'वर्गखोलीबाबत'. नुसतं बाबत.

दोन महिन्यांनी पत्र परत आलं. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं, 'प्रस्ताव परिपूर्ण नाही.'

पंचायत समितीत शिक्षण विभागाच्या टेबलावर तेव्हा एक वरिष्ठ सहायक होते, निवृत्तीला आलेले. मी तावातावाने गेले. त्यांनी मला बसवलं आणि कपाटातले गठ्ठे दाखवले. सहा गठ्ठे पद्धत तुम्हाला कुणीतरी सांगितली असेलच, ऐंशीच्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरला अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी असताना बसवलेली. हातातली प्रकरणं एका गठ्ठ्यात, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत असलेली 'प्रतीक्षाधीन' दुसऱ्यात, मग नियतकालिकं म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि शेवटी नष्ट करायचे. म्हणाले, "बाई, तुमचा कागद परत आला हे नशीब समजा. प्रतीक्षाधीनमध्ये गेला असता तर तुम्हालाही कळलं नसतं तो कशाची वाट बघतोय." आणि पुढे, "तुमचं पत्र साहेब वाचत नाहीत. मी वाचतो. मी त्यावरून टिपणी लिहितो, साहेब टिपणी वाचून सही करतात. तुमच्या पत्रातली चार वाक्यं मला जशीच्या तशी उचलून टिपणीत टाकता आली पाहिजेत. चिमुकले जीव मी टिपणीत कुठे घालू?"

मला राग आला होता. घरी येऊन दुसरं पत्र लिहिलं ते त्याच रागात, म्हणून ते चांगलं झालं. विषय: अमुक शाळेच्या १९५८ च्या धोकादायक वर्गखोलीच्या निर्लेखनास मंजुरी मिळणेबाबत. (निर्लेखन म्हणजे मालमत्ता रजिस्टरातून खोली कमी करणं, मग ती पाडता येते.) संदर्भात शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव आणि माझं आधीचं पत्र, तिन्ही क्रमांक-तारखेसह. मजकूर एक पान: खोली किती बाय किती, पट २३, त्या खोलीत बसणारी मुलं ११, मालमत्ता रजिस्टरला नोंद कुठल्या पानावर, पाडल्यावर मुलं तात्पुरती कुठे बसतील. निर्लेखनाचा अधिकार गटशिक्षणाधिकाऱ्यांना नाही, तो वर जिल्हा परिषदेत; म्हणून शेवटचं वाक्य 'बांधकाम उपविभागाचा तपासणी अहवाल मागवून प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे शिफारशीसह सादर व्हावा' असं. साहेबांना जेवढं करता येतं तेवढंच मागितलं.

उरला तडा. फोटो लावले होते, पण फोटोत तडा म्हणजे एक रेघ. तो वाढतोय हे कागदावर कसं दाखवायचं? चौथीच्या वहीतलं कोरं पान घेतलं, दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या, तांदळाच्या पिठाची खळ केली आणि तड्यावर आडव्या तीन पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येकीवर तारीख आणि माझी सही. रोज सकाळी प्रार्थनेनंतर जाऊन बघायची. अकराव्या दिवशी मधली पट्टी बरोबर मध्यावर फाटलेली होती, कडा एकमेकींपासून गव्हाच्या दाण्याएवढ्या लांब. ती पट्टी भिंतीवरून सोडवताना माझ्या नखात चुना गेला तो आठवतो. पुठ्ठ्यावर तशीच फाटलेली चिकटवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि सहपत्र क्रमांक ५ म्हणून जोडली. उपअभियंता पुढच्याच आठवड्यात आले. गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, "ती पट्टीवाली शाळा हीच ना?"

खोली मी आधीच बंद केली होती. त्यासाठी मंजुरी मागितली नाही, 'दि. अमुकपासून सदर खोली अध्यापनासाठी बंद केली आहे, माहितीस्तव सादर' एवढं कळवलं. हा फरक नवीन माणसांना कळत नाही. जे आपल्या अधिकारात आहे ते करायचं आणि कळवायचं. तेही मागत बसलात तर वरचा माणूस बिचकतो, त्याला वाटतं यात काहीतरी गोम आहे.

इथपर्यंत झकास. मग नस्ती, म्हणजे या प्रकरणाची फाइल, वर गेली आणि बसली. साहेबांचे शेरे तुम्हीही वाचायला शिका. 'मान्य' म्हणजे मान्य. 'चर्चा करावी' म्हणजे कागद थंड. 'नियमोचित कार्यवाही करावी' म्हणजे मी काही केलेलं नाही, पुढे काही झालं तर माझ्याकडे येऊ नका. माझ्या नस्तीवर दोनदा 'चर्चा करावी' होतं आणि चर्चा कोणी कोणाशी करायची ते दोन्ही वेळा लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या स्मरणपत्रात मी २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्याचं कलम १० घातलं, की शासकीय कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. आमचे हे तेव्हा म्हणाले, "आता साहेबांना कायदा शिकव, म्हणजे तुझी बदली नक्की."

आता आमच्या ह्यांचं सांगायलाच हवं. तेही मुख्याध्यापक, शेजारच्या केंद्रात. त्यांच्या शाळेची खोली माझ्या खोलीपेक्षा वाईट होती. त्यांचं तत्त्व असं की कागदाने काम होत नाही, माणसाने होतं. ते जाऊन साहेबांच्या समोर बसायचे, चहा प्यायचे, साहेबांच्या मुलीच्या बारावीची चौकशी करायचे. २०१२ च्या एप्रिलमध्ये साहेब म्हणाले, "गुरुजी, पाडून टाका, मागचं मी बघतो." मे महिन्यातल्या एका रविवारी गावाने श्रमदान करून खोली उतरवली. कौलं आणि सागवानी वासे गावातच लिलावात ११,४०० रुपयांना गेले, पैसे शाळेच्या खात्यात. घरी आल्यावर मला विचारलं, "तुझ्या पट्टीचं काय झालं?" हे वाक्य मी पुढची सहा वर्षं ऐकलं.

साहेबांची बदली झाली. ते मागचं बघतच राहिले.

लेखापरीक्षणात आक्षेप निघाला: सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीविना इमारतीचं निर्लेखन व साहित्याची विक्री. उत्तर कोणी दिलं नाही, आक्षेप वर्षानुवर्षं पुढे सरकत राहिला. २०१८ ला हे निवृत्त झाले तेव्हा ना-देय दाखला, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा कागद, अडला आणि उपदान (ग्रॅच्युइटी) थांबलं. १४ महिने. धाकटीच्या लग्नाला तोच पैसा धरलेला होता.

कार्योत्तर मंजुरीचं, म्हणजे काम होऊन गेल्यावर मागायच्या मंजुरीचं, पत्र शेवटी मी लिहिलं. जेवणाच्या टेबलावर, तीन रात्री. हे म्हणत, "तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं होतं हे लिही." मी म्हणे, "कागद आहे?" "मी सांगतोय ना!" "तुम्ही सांगताय ते मला पटतं हो, लेखापरीक्षकाला कसं पटणार?" त्या साहेबांना फोनही लावला होता. त्यांना गुरुजी आठवत होते, चहा आठवत होता, पाडायला सांगितलेलं तेवढं आठवत नव्हतं. शेवटी ते वाक्य मी घातलंच नाही. पूर्वमंजुरी घेतली नाही ही चूक पहिल्याच परिच्छेदात सरळ कबूल केली. मग खोली किती धोकादायक होती, पावसाळा किती दिवसांवर होता, साहित्य किती आणि कितीला गेलं, पैसे कुठल्या तारखेला खात्यात भरले, जिल्हा परिषदेचं आर्थिक नुकसान कसं झालेलं नाही, आणि विनंती. वाचवलं ते व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताने, म्हणजे बैठकांच्या नोंदवहीने. ह्यांच्या हाताखाली एक तरुण शिक्षक होता, त्याने कोणी न सांगता त्यात त्या रविवारच्या लिलावातली बोली नावागणिक लिहून ठेवली होती. ह्यांनी सही केली आणि म्हणाले, "बरं लिहितेस." लग्नाला ३१ वर्षं झाली होती तेव्हा.

म्हणून तुम्हाला सांगते, साहेब तोंडी 'करा' म्हणाले तर त्याच दिवशी चार ओळींचं पत्र द्या. संदर्भ: आपणाशी दि. अमुक रोजी झालेली चर्चा. चर्चेनुसार मी अमुक काम तमुक तारखेला सुरू करत आहे, लेखी मंजुरी मिळावी. काही जणांना हे आवडत नाही. ज्यांना आवडत नाही त्यांच्या तोंडी शब्दावर तर मुळीच जाऊ नका. आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, 'ठेवून जा, नंतर बघतो' म्हणाले तरी उभे राहा.

भाषेचं विचारलं होतंत, ते राहिलंच. 'उपरोक्त विषयास अनुसरून' एकदा पुरे. विषय आणि शेवटची ओळ यांत मागणी एकच असू दे, शब्दही तेच. 'तरी मंजुरी मिळावी, ही विनंती' यापेक्षा जास्त नम्रपणा लागत नाही. वरच्या वरच्यांना परस्पर लिहू नका, 'मार्फत' घालून योग्य मार्गानेच पाठवा. तुमची खाजगी कंपनी असेल तर आवक शिक्का वगैरे नसणार. माझी भाची पुण्यात एका कंपनीत आहे, ती म्हणते मंजुरी फोनवर मिळाली तरी 'आत्ता बोलल्याप्रमाणे' असा ईमेल ती पाच मिनिटांत टाकते. म्हणजे तेच.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. माझ्या खोलीला मंजुरी आली २०१४ च्या मार्चमध्ये आणि नवी खोली उभी राहिली २०१५ ला. तोवर माझी ११ मुलं तीन पावसाळे देवळाच्या सभामंडपात बसली, आरतीच्या वेळी दप्तरं उचलून कोपऱ्यात सरकायची. ह्यांची मुलं २०१३ च्या जूनमध्ये नव्या खोलीत होती. हा मुद्दा हे आजही काढतात, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या महिन्यात आमच्या पाखाडीवरचा, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरचा, दिवा गेला. ग्रामपंचायतीला द्यायला मी रीतसर पत्र लिहिलं, खांब क्रमांकासकट, आणि पर्समध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लागलेला. ह्यांनी लाईनमनला हाक मारून ओटीवर चहा पाजला होता. पत्र मी तरीही नेऊन दिलं. पोच आहे माझ्याकडे.