अमेरिकेत आरशाला टांगलेल्या सुगंधी झाडावरून पोलीस गाडी अडवू शकतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत आल्यावर जुनी गाडी घेतलीत, आधीच्या मालकाने आरशाला टांगलेलं पाइनच्या झाडाच्या आकाराचं फ्रेशनर तसंच राहू दिलंत, आणि आता ऑफिसातला एक जण म्हणतो की एवढ्यावरून पोलीस अडवतात. तो चेष्टा करतोय की खरं बोलतोय?

खरं बोलतोय. पण त्याचा अर्थ "दंड होतो" एवढाच घेतलात तर निम्मीच गोष्ट कळेल. दंड किरकोळ असतो, पुष्कळदा नुसती ताकीद देऊन सोडतात. खरा मुद्दा आहे तो अडवण्याचा, आणि एकदा अडवल्यावर पोलिसांना काय काय करता येतं त्याचा.

वाहतुकीचे नियम इथे राज्यागणिक बदलतात. समोरच्या काचेतून दिसायला अडथळा येईल असं काही लटकवू नये, असा नियम बऱ्याच राज्यांत कुठल्या ना कुठल्या शब्दांत आहे, आणि सगळी गंमत त्या शब्दांतच आहे. मिनेसोटात 2021 साली जो कायदा होता त्यात चालक आणि काच यांच्यामध्ये, मोजके अपवाद सोडले तर, काहीही टांगायलाच मनाई होती. पेनसिल्व्हेनियात मात्र त्या वस्तूने दिसण्यात लक्षणीय अडथळा यावा लागतो. आरशाला काहीतरी लटकत होतं, एवढं पोलिसाने सांगणं पुरेसं नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये होम्स खटल्यात म्हटलं. वाचायला हे छान वाटतं. पण तुमच्या मागे निळे-लाल दिवे लागतात तेव्हा "लक्षणीय" म्हणजे किती, हे तो पोलीस ठरवतो. न्यायाधीश ठरवतात, पण काही महिन्यांनी.

शिवाय पोलिसाचा कायदाच समजण्यात घोळ झाला, तरी तेवढ्याने अडवणं बेकायदा ठरत नाही. नॉर्थ कॅरोलायनात एका माणसाला मागचा एक ब्रेक लाइट बंद म्हणून अडवलं. नंतर राज्याच्या न्यायालयाने कायदा वाचून सांगितलं की एक दिवा चालू असला तरी भागतं. म्हणजे अडवायचं कारणच नव्हतं. तरीही 2014 मध्ये हाइन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला, की पोलिसाचा गैरसमज समजण्यासारखा असेल तर चालतं. नागरिकाने कायदा ठाऊक नव्हता म्हटलं तर मात्र ती सबब चालत नाही. यावर मी वेगळं काय बोलू?

या सगळ्याच्या मुळाशी 1996 चा रेन खटला आहे. वॉशिंग्टन शहरात साध्या वेशातले, अमली पदार्थांच्या मागावरचे पोलीस बिनखुणेच्या गाडीतून फिरत होते. एक पाथफाइंडर गाडी स्टॉपच्या पाटीपाशी 20 सेकंदांहून जास्त वेळ उभी राहिली आणि मग सिग्नल न देता झटकन वळली. पोलिसांनी तिला गाठलं आणि आत कोकेन सापडलं. आरोपींचं म्हणणं असं, की वाहतुकीचा नियम हे नुसतं निमित्त होतं, आम्ही कृष्णवर्णीय तरुण म्हणून आमच्यावर नजर होती. त्या शहराच्या पोलीस खात्याचा स्वतःचाच नियम होता, की साध्या वेशातल्यांनी फार गंभीर कारणाशिवाय वाहतुकीसाठी गाड्या अडवू नयेत. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं: नियम मोडलेला दिसला ना, मग पोलिसाच्या मनात दुसरं काय होतं ते घटनेच्या चौथ्या दुरुस्तीखाली (विनाकारण झडती आणि अटकेपासून संरक्षण देणारी ती) बघायचं कारण नाही. वर्णभेदाची तक्रार असेल तर ती समान संरक्षणाच्या कलमाखाली करा. आणि ते सिद्ध करणं किती कठीण, हे तिथे वकिली करणाऱ्यांना विचारा.

आता तुमच्या लक्षात येईल की ते झाड पोलिसांच्या उपयोगाचं का. नियमांच्या पुस्तकात लहानसहान कलमं जितकी जास्त, तितकी निमित्तं जास्त. काही ना काही मोडल्याशिवाय दहा मैल गाडी चालवणं अवघडच आहे.

त्या झाडाचा बिचाऱ्याचा यात काही दोष नाही, आणि त्याची कूळकथा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ज्युलियस सामान हा जर्मन ज्यू रसायनतज्ज्ञ नाझींपासून जीव वाचवून निघाला आणि कॅनडात पोचला. तिथल्या जंगलांत पाइनची सुगंधी तेलं कशी काढायची, याचा त्याने अभ्यास केला. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउन गावी दुधाची गाडी चालवणाऱ्या एकाने त्याच्याकडे रडगाणं गायलं, म्हणे, सांडलेल्या दुधाचा वास काही केल्या जात नाही. तेल शोषणाऱ्या जाड कागदाला झाडाचा आकार देऊन, त्याला दोरा लावून 1950च्या दशकाच्या सुरुवातीला सामानने ते विकायला काढलं. कंपनी आजही वॉटरटाउनमध्येच आहे. जर्मनीत ते "वुंडरबाउम" म्हणून मिळतं, इटलीत "आर्ब्र माजिक", ब्रिटनमध्ये "मॅजिक ट्री".

त्याची वेळही अचूक जुळली. महायुद्धानंतर गाड्या घरोघर आल्या होत्या, 1956 मध्ये आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला, आणि मागे माशाच्या शेपटीसारखे पंख काढलेल्या लांबलचक गाड्या रस्त्यावर धावू लागल्या. एसी फार थोड्यांकडे. पुढच्या दारांना हवेसाठी तिरकी उघडणारी छोटी त्रिकोणी काच असायची. बहुतेक गाड्यांत ॲशट्रे आणि सिगारेट लायटर, आणि सीटच्या व्हिनाइलमध्ये तो धूर मुरलेला. वास घालवायला काहीतरी हवंच होतं. गाडीत दोरा अडकवायला आरशाच्या दांडीइतकी सोयीची जागा दुसरी कुठली? त्याच दांडीला खेळातल्या फाशांची मऊ केसाळ जोडी आली, शाळा संपल्याच्या समारंभातल्या टोपीचा गोंडा आला, जपमाळ आली. आपल्याकडची मंडळी गणपती लावतात. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात आजही चकाचक गाडीच्या आरशाला ते फासे दिसतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतात. गाडी आपली आहे असं सांगायची ती एक रीत होती.

वासाकडे परत येऊ, कारण गोष्ट तिथे आणखी तिरपी होते. 2012 साली नेब्रास्कात मध्यरात्रीनंतर रॉड्रिगेझ नावाच्या चालकाला रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर गाडी गेली म्हणून अडवलं. पोलिसाने कागद पाहिले, लेखी ताकीद दिली, आणि मग अमली पदार्थ हुंगणाऱ्या कुत्र्याला गाडीभोवती फिरवू का, असं विचारलं. तो नाही म्हणाला. तरी त्याला थांबवून ठेवलं, दुसरा पोलीस येईपर्यंत. सात-आठ मिनिटांत कुत्र्याने इशारा दिला आणि मेथ (मेथॲम्फेटामाइन) हा अमली पदार्थ सापडला. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी म्हटलं, की वाहतुकीचं काम संपलं की अडवणंही संपलं. त्यानंतर संशयाला ठोस आधार नसेल तर मिनिटभरही ताणता येत नाही. पण न्यायमूर्ती अलिटो यांचं विरोधी मत वाचा. त्यांच्या मते संशयाला पुरेसा आधार होता, आणि त्यातलं एक कारण काय, तर गाडीतून येणारा एअर फ्रेशनरचा जबरदस्त घमघमाट. दुसरा कुठला वास लपवायचा असेल तर लोक असं करतात, असा त्या पोलिसाचा अनुभव. रॉड्रिगेझने निकाल जिंकला, पण पुढे खालच्या न्यायालयाने पोलिसाने तेव्हाच्या निकालांवर सद्भावनेने विसंबून काम केलं म्हणून पुरावा ग्राह्य धरला आणि शिक्षा कायम राहिली.

थोडक्यात, एक झाड लटकताना दिसलं तर अडवायला कारण, आणि चार झाडांचा वास आला तर पुढे चौकशीला कारण.

11 एप्रिल 2021 ला मिनेसोटातल्या ब्रुकलिन सेंटरमध्ये 20 वर्षांच्या डाँटे राइटला अडवलं, ते नंबरप्लेटवरच्या स्टिकरची मुदत संपली होती आणि आरशाला फ्रेशनर होतं म्हणून. त्याने आईला फोन करून तेच सांगितलं होतं. त्याच्या नावाचं वॉरंट आधीच निघालेलं आहे असं कळलं, अटकेच्या झटापटीत पोलीस अधिकारी किम पॉटर यांनी टेझर (विजेचा झटका देणारं हत्यार) समजून पिस्तूल झाडलं आणि तो गेला. पॉटर यांना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोषी ठरवलं गेलं.

यानंतर वारं थोडं फिरलं. व्हर्जिनियाने आधीच कायदा केला होता, तो 1 मार्च 2021 पासून लागू झाला: फक्त लटकत्या वस्तूवरून गाडी अडवता येत नाही. फिलाडेल्फिया शहराने मार्च 2022 पासून आणि इलिनॉयने 1 जानेवारी 2024 पासून तसंच केलं. पण इलिनॉयमध्ये अडथळा आणणारी वस्तू टांगणं आजही नियमाविरुद्धच आहे. फक्त तेवढ्या कारणाने अडवायचं नाही, एवढाच बदल. तुम्ही कुठल्या राज्यात आहात ते लिहिलं नाहीत, आणि राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतो.

म्हणून ते झाड काढा. एसीच्या जाळीला अडकवायचं क्लिपवालं फ्रेशनर मिळतं, किंवा हेच झाड मागच्या दाराच्या वर कपडे अडकवायचा हुक असतो त्याला लावा. फक्त प्लास्टिकला चिकटू देऊ नका, तेलाने डाग पडतो. अपंगांसाठीचं पार्किंगचं कार्ड घरात कोणाचं असेल तर तेही गाडी उभी असतानाच आरशाला लावायचं, चालवताना काढून ठेवायचं.

तरी अडवलंच, तर आपल्याकडची एक सवय इथे आवरा: गाडीतून उतरून साहेबांकडे चालत जाऊ नका. त्याचा अर्थ इथे भलताच घेतला जातो. उजवीकडे गाडी थांबवा, काच खाली करा, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. कागद ग्लव्ह बॉक्समध्ये असतील तर आधी सांगून मग हात घाला. उतरा म्हटलं तर उतरा, 1977 च्या मिम्स निकालाने त्यांना तो अधिकार दिलाय. गाडी बघू का, असं विचारलं तर "माझी झडतीला संमती नाही" असं शांतपणे म्हणता येतं. नाही म्हणायचा हक्क आहे हे तुम्हाला सांगणं पोलिसावर बंधनकारक नाही, ते तुम्हालाच ठाऊक हवं. नाही म्हणूनही त्यांनी झडती घेतली तर आडवे जाऊ नका. काचेतून किती दिसत होतं आणि किती नाही, हा वाद तिकिटावर छापलेल्या तारखेला न्यायालयात घाला.