मतिमंद भाऊ अचानक आक्रमक झाला, त्याला मानसोपचार तज्ज्ञाकडे न्यावं का?

तुम्ही लिहिलंय की २४ वर्षांचा भाऊ जन्मापासून मतिमंद आहे, आजवर शांत होता, आणि गणपतीपासून रात्री झोपत नाही, ताट भिरकावतो, आईवर हात उचलतो. शेजारी म्हणतात, 'अशी पोरं वयात आली की असंच करतात.' तज्ज्ञाकडे न्या, जरूर न्या. पण त्याआधी त्याचं तोंड उघडून दात बघा.

थट्टा नाही करत. माझा धाकटा भाऊ असाच आहे, आता ३४ चा. आम्ही गुहागर तालुक्यातले. सहा वर्षांपूर्वी तो भिंतीवर डोकं आपटायला लागला. देवळात कौल लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. मग एका डॉक्टरांनी त्याच्याकडे धड न बघता पाच मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या. शांत झाला खरा, पण लाळ गळायची, हात लाकडासारखे ताठ, घास तोंडापर्यंत जाईना. तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आपटतो ती बाजू कुठली?" उजवी. त्याच बाजूच्या दाढेखाली पू झाला होता. दाढ काढली आणि आठवड्याभरात आपटणं थांबलं. (भाकरी कालवणात कुस्करून मागायचा, ते आम्ही लाड समजत होतो.)

तेव्हा दात, कान, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग हे आधी तपासून घ्या. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडही. फिट येत असतील तर तेही सांगा, कारण लेव्हेटिरासिटॅमसारख्या फिटच्या गोळीनेसुद्धा काहींची चिडचिड वाढते. आणि 'गणपतीपासून' हा तुमचाच शब्द जरा तपासा. चाकरमानी आले तेव्हा त्याची झोपायची जागा बदलली का? त्याचं कुणी लाडकं परत मुंबईला गेलं का?

आमच्याकडे दुसऱ्यांदा मात्र खरोखरच मनाचा आजार होता. आई गेल्यावर भावाने जेवण टाकलं, पहाटे चारला उठून बसायला लागला, एसटी बघायला नाक्यावर जायचा तेही सोडलं. 'त्याला काय कळतंय मरण' म्हणत आम्हीच दोन महिने घालवले. ते नैराश्य होतं आणि औषधाने उतरलं. मतिमंदत्व आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळलंय. पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, आणि 'मतिमंदच आहे' म्हटलं की दुसरं कुणाला दिसत नाही. कधी डॉक्टरांनाही नाही.

कुठे जायचं? जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी बघा. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. आपल्याकडे 'रत्नागिरीला न्या' ही शिवीच झालीय, पण तिथे गेलं म्हणजे दाखलच करतात असं नाही. जाण्याआधी बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्याचीही चौकशी करा, त्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण असतं आणि ओपीडीचा खर्चही धरतात.

गोळी दिली तर ती कशासाठी, किती दिवस, आणि बंद कधी करायची हे तिथेच विचारा. रिस्पेरिडोन (आक्रमकपणा कमी करायला देतात ती गोळी) दिलं तर वजन आणि साखर बघत राहा. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ती चूकही आम्ही करून बसलोय.

पंधरा दिवस वहीत लिहा: झोप किती, पोट साफ झालं का, भडकण्याआधी काय घडलं. एखादा प्रसंग मोबाइलवर टिपून ठेवा, कारण डॉक्टरांसमोर तो हमखास शहाण्यासारखा बसणार. आमचा तर त्या बाईंना टाटा करून, त्यांच्या टेबलावरचं पेन खिशात घालून आला होता.