सॉफ्टवेअरवर नव्वद टक्के, पेटीवर मात्र फसगत

प्रश्न : वय ३४. कान तयार करण्याच्या सॉफ्टवेअरवर दोन महिने रोज अर्धा तास स्वर ओळखतो. बाराही स्वरांत नव्वद टक्के उत्तरं बरोबर येतात. पण सकाळी उठून काळी एक (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या बटणाचा स्वर) गुणगुणली आणि पेटीवर ताडून पाहिली, तर चुकलेली असते. असं का?

उत्तर : गुण खोटे नाहीत, ते दुसऱ्याच गोष्टीचे आहेत. पहिलं उत्तर दिल्यावर सॉफ्टवेअर बरोबर स्वर दाखवतं. समजा, पांढरी एक. पुढचा स्वर ऐकताच तुमचा कान तिला षड्ज धरतो, ‘हा तर पंचम’ म्हणतो आणि तुम्ही पांढरी पाच दाबता. ही दोन स्वरांमधल्या अंतराची ओळख झाली, पट्टीची, म्हणजे स्वराच्या स्वतंत्र उंचीची नव्हे. खात्री करायची तर पंधरा दिवस रोजच्या फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहा. नुसत्या अंदाजानेही बारांत सरासरी एक बरोबर येतं, हे लक्षात ठेवा.

सलग अर्धा तास बसू नका. दिवसभरात सहा प्रश्न, दोहोंमध्ये निदान दहा मिनिटं आणि तेवढ्या वेळात गप्पा, बातम्या, काहीही. आधीचा स्वर कानातून पुसला गेला पाहिजे. सुरुवात एकाच स्वराने करा : ‘ही काळी एक आहे की नाही?’ एवढंच उत्तर द्यायचं. सप्तक बदलत ठेवा आणि वाद्यही. कायम पियानोचाच आवाज ठेवला, तर कान त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा पोत पाठ करतो आणि आपल्याला वाटतं स्वर ओळखला.

सकाळची परीक्षा चांगली आहे, पण ती पेटीवर नको. जुन्या पेटीचे सूर उतरलेले असतात; पेटी एक सांगते, सॉफ्टवेअर दुसरंच. ट्यूनर (स्वराची उंची मोजणारं यंत्र किंवा अ‍ॅप) पांढरी सहा = ४४० हर्ट्झ या मापावर ठेवा. काळी एक म्हणजे २७७.२ हर्ट्झ, पुरुषी आवाजात बहुधा त्याच्या निम्मी, १३८.६. तानपुरा लावण्याआधी ‘आ’ लावा आणि किती सेंट चढा की उतरा ते लिहा. अर्धस्वर म्हणजे १०० सेंट. चूक रोज एकाच बाजूला आणि कमी होत जाणारी असेल, तर स्मरण बसतंय.

बाराही स्वर क्षणात ओळखणारा कान बहुधा सहा-सात वर्षांच्या आत संगीत सुरू झालेल्यांकडेच आढळतो. चौतिशीत एक-दोन स्वर पक्के झाले तरी पुष्कळ. शिवाय आपल्या गायनात षड्ज गायकागणिक बदलतो, तेव्हा अर्धा वेळ तानपुऱ्यावर सरगम ओळखण्यालाच द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सॉफ्टवेअरमधला शुद्ध गंधार तानपुऱ्याबरोबर चढा लागतो. दोष कानाचा का?

उत्तर : नाही, तो चढाच आहे. सॉफ्टवेअर सप्तकाचे बारा सारखे भाग करतं, त्यात गंधार षड्जापासून ४०० सेंटवर पडतो. तानपुऱ्याच्या खर्जातून (सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेतून) आपोआप उमटणारा गंधार मात्र ३८६ वर. शुद्ध निषादही साधारण १२ सेंट चढा असतो. पंचमात फरक जेमतेम दोनाचा, म्हणून तो खटकत नाही. सॉफ्टवेअरमध्ये स्वरमेळ, म्हणजे स्वरांमधली अंतरं ठरवण्याची पद्धत, बदलायची सोय असेल तर नैसर्गिक स्वरांतरं निवडा. नसेल तर सॉफ्टवेअरवर स्वराचं फक्त नाव ओळखा, गळा तानपुऱ्यावरच लावा. मंद्र सप्तकासाठी इयरफोन घ्याच. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून मूळ स्वर जवळजवळ येतच नाही, येतात ते वरचे उपस्वर, आणि सप्तक हमखास चुकतं.