पत्ता मित्राचा, घर पाण्यावर

लंडनच्या पश्चिमेला, ग्रँड युनियन कालव्यावर नॅरोबोटीत, म्हणजे कालव्यांसाठीच्या लांब, अरुंद नावेत राहणाऱ्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय ३६, पत्नीचे ३४. पत्नी परिचारिका आहेत आणि आठवड्यातून दोनदा रात्रपाळीसाठी गाडीने जातात. दोन वर्षांपूर्वी महिना १,६०० पौंड भाड्याचे घर सोडून त्यांनी १९९६ साली बांधलेली ५७ फुटी नाव ६२,००० पौंडांना घेतली. त्यांतले २५,००० वैयक्तिक कर्जाचे होते, त्यांपैकी १७,००० अजून फिटायचे आहेत. नाव बांधायला स्वतःची कायमची जागा नसल्याने ती दर १४ दिवसांच्या आत पुढे न्यावी लागते. गाडीचा विमा श्रूजबरीतल्या मित्राच्या पत्त्यावर ६९० पौंडांना मिळाला आहे. गाडी प्रत्यक्षात जिथे उभी असते तिथला पोस्टकोड घातला की आकडा १,१५० वर जातो. पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे. मित्राची हरकत नाही आणि पत्रेही त्याच्याकडेच येतात, तेव्हा आणखी एक वर्ष तोच पत्ता ठेवला तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

चालणार नाही. पत्रे कुठे पाठवायची आणि गाडी रात्री कुठे उभी असते, हे विम्याच्या अर्जातले दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर म्हणून मित्राचा पत्ता देण्यात काहीच गैर नाही. दुसऱ्याचे उत्तर म्हणून तो दिला की ते खोटे विधान होते, कारण हप्ता ठरवताना कंपनी ते उत्तर धरते. ग्राहकांच्या विम्यातील माहितीविषयीचा २०१२ चा कायदा इथे लागू होतो आणि तो चूक व लबाडी यांत स्पष्ट भेद करतो. चूक निष्काळजीपणाने झाली असेल, तर कंपनी भरलेल्या हप्त्याच्या प्रमाणात दावा कमी करू शकते. आपल्या बाबतीत ६९० भागिले १,१५० म्हणजे ६० टक्के, तेव्हा ९,००० पौंडांच्या गाडीचे ५,४०० हाती येतील. चूक जाणूनबुजून केलेली असेल, तर कंपनी पॉलिसी मुळापासून रद्द करते, दावा पूर्ण नाकारते आणि भरलेला हप्ताही ठेवून घेऊ शकते. आपण हा प्रश्न लेखी विचारला आहे, त्यामुळे यापुढे आपल्याला निष्काळजीपणाचा आधार घेता येणार नाही.

गाडीचे ९,००० पौंड गेले तरी आपण त्यातून सावराल. अपघातात दुसऱ्या कोणाला गंभीर इजा झाली, तर मात्र कंपनी कायद्याने त्या जखमी माणसाला भरपाई देईल आणि नंतर तीच रक्कम आपल्याकडून वसूल करण्याचा तिला अधिकार राहील. अशी रक्कम लाखो पौंडांत जाऊ शकते. शिवाय एकदा पॉलिसी रद्द झाल्याची नोंद झाली की पुढे प्रत्येक अर्जात ती सांगावी लागते आणि प्रत्येक कंपनी तिची किंमत लावते. हे सगळे वर्षाच्या ४६० पौंडांसाठी पत्करण्यासारखे नाही.

नूतनीकरणाची वाट न पाहता याच आठवड्यात कंपनीला फोन करा आणि खरी जागा कळवा. राहिलेल्या एका महिन्याचा फरक चाळीस पौंडांच्या आसपास भरेल, वर बदलाचे शुल्क लागेल. पुढच्या वर्षासाठी दर-तुलनेच्या संकेतस्थळांवर वेळ घालवू नका. त्या अर्जांत फिरत्या पत्त्यासाठी रकानाच नसतो, आणि बहुतेक लोक खोट्या पत्त्याकडे वळतात ते तिथेच अडल्यामुळे. ब्रिटिश इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशनकडे योग्य ब्रोकर शोधून देण्याची सेवा आहे. नावेवर राहणाऱ्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या आहेत, पण त्या फोनवर, माणसाशी बोलून सापडतात. नाव वर्षभरात साधारण कोणत्या पट्ट्यात फिरते, गाडी रस्त्यावर असते की वाहनतळावर आणि पत्रे कुठे जातात, या तिन्ही गोष्टी त्यांना सांगा आणि त्यांचे उत्तर ईमेलने लेखी घ्या. गाडी मुख्यतः पत्नीच्या रात्रपाळीसाठी निघत असेल, तर मुख्य चालक म्हणून त्यांचेच नाव हवे आणि कामावर जाण्या-येण्याचा वापर पॉलिसीत नोंदलेला हवा. आपल्या पत्रात याचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

एवढ्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर झाले. मात्र पत्राच्या शेवटी आपण सहज लिहून गेलेल्या दोन ओळींनी मला अधिक अस्वस्थ केले आहे. ‘नावेचा विमा आहे, वर्षाला ११० पौंडांचा थर्ड पार्टी, लायसन्ससाठी तेवढा पुरतो. अर्जात वापर म्हणून फुरसतीचा असे लिहिले होते.’

याचा अर्थ नीट पाहा. थर्ड पार्टी विमा आपल्या नावेमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्यासाठी असतो. कालव्यांची देखभाल करणारी कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था नावेचे लायसन्स देताना तो मागते, कारण तिला कालव्याची, लॉकची (पाणी चढवून-उतरवून नावेला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दारे असलेल्या कुंडाची) आणि शेजारच्या नावांची काळजी घ्यायची असते. आपल्या संसाराचे रक्षण करणे हे त्या अटीचे काम नाही. आपली नाव बुडाली किंवा जळाली तर त्या ११० पौंडांतून आपल्याला काहीही मिळणार नाही. त्यातही आपण बारा महिने तिथे राहता आणि पॉलिसीत मात्र ती सुटीत फिरण्याची नाव आहे, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान भरून देण्याची वेळ आली तरी कंपनीला हरकत घ्यायला जागा आहे. नऊ हजारांच्या गाडीचा विमा कसा स्वस्त होईल यावर आपण दोन पाने लिहिली, आणि बासष्ट हजारांच्या घराला विमाच नाही हे आपल्या ध्यानातही आले नाही.

शांत, उथळ कालव्यात नाव कशी बुडेल, असे वाटू शकते. डेन्हमचा खोल लॉक आपल्याच पट्ट्यात आहे. तिथला उतार अकरा फुटांहून थोडा अधिक. वरच्या दाराच्या पायाशी आत आलेला उंबरा असतो आणि त्याची हद्द दाखवणारी पांढरी रेघ भिंतीवर रंगवलेली असते. लॉक रिकामे होत असताना नावेचा मागचा भाग त्या रेघेच्या मागे राहिला, तर पाणी उतरते तसा तो उंबऱ्यावर टेकतो, पुढचा भाग पाण्यासोबत खाली जात राहतो आणि काही मिनिटांत नावेच्या पुढच्या दारातून पाणी आत शिरते. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते, कारण त्याच वेळी कोणीतरी काठावरून काही विचारते आणि लक्ष विचलित होते.

दुसरे कारण त्याहून साधे आहे. नाव ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला प्लॅस्टिकची पिशवी किंवा जुना कपडा गुंडाळला जातो, आपण इंजिनाजवळचे झाकण उघडून हात घालून तो कापून काढता, आणि थंडीत, घाईत, झाकण पुरते घट्ट न बसवता इंजिन सुरू करता. पंखा पाणी वर ढकलतो, इंजिनाची खोली भरते आणि नाव मागून बसते. सर्वसमावेशक विमा अशा अपघातांसाठीच असतो. आपण दोन वर्षे त्याच्याशिवाय राहिलात आणि काही झाले नाही, याचा मला आनंद आहे. परंतु दोन वर्षे काही न होणे हे सुरक्षिततेचे प्रमाण म्हणून धरता येत नाही.

आता उद्या असे घडले, तर हिशोब काय होईल? नावेची आजची किंमत पंचावन्न हजार धरली, तर तेवढे गेले. वैयक्तिक कर्ज नावेवर नसून आपल्या नावावर असल्याने १७,००० पौंडांचे देणे आणि त्याचा महिना ४३० पौंडांचा हप्ता तसाच राहील. बुडालेली नाव कालव्यात ठेवता येत नाही. ब्रिटिश वॉटरवेज कायदा, १९८३ च्या कलम ८ नुसार ती काढून टाकण्याचा आणि त्याचा खर्च मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार ट्रस्टला आहे, आणि क्रेनसह हा खर्च काही हजार पौंडांचा होतो. त्याच आठवड्यात आपल्याला भाड्याचे घर लागेल: पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी अनामत म्हणजे सुमारे १,८५०, आणि पहिल्या महिन्याचे १,६००, मिळून ३,४५०. बँकेत आपली शिल्लक ६,००० आहे. नाव पाण्याबाहेर निघण्याआधीच ती संपलेली असेल, आणि अंगावरच्या कपड्यांखेरीज बाकी सगळे विकत घ्यायचे उरेल.

याला उपाय आहे आणि तो महागही नाही. निवासी वापर स्पष्ट नोंदवलेला, नावेचे पूर्ण मूल्य, घरातले सामान, बुडालेली नाव काढण्याचा खर्च आणि तात्पुरत्या निवासाचा खर्च धरणारा विमा या आकाराच्या नावेला वर्षाला तीनशे पौंडांच्या आसपास मिळतो. एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवतो. नाव तिशीला आली आहे आणि एवढ्या जुन्या पोलादी नावेला बऱ्याच कंपन्या तळाच्या तपासणीचा अहवाल मागतात. आपण लिहिले आहे की बोट सेफ्टी प्रमाणपत्र आहे, तेव्हा तपासणीची गरज नसावी. ते प्रमाणपत्र चार वर्षांसाठी असते आणि गॅस, इंधन, वीज व आगीचा धोका यांपुरते असते. पत्रा किती उरला आहे याविषयी ते काहीच सांगत नाही. त्यासाठी नाव पाण्याबाहेर काढून, सर्वेक्षकाने ठिकठिकाणी पत्र्याची जाडी मोजावी लागते. नवी असताना बाजूचा पत्रा साधारण ६ मिलिमीटर असतो. तो ४ च्या खाली गेला की विमा मिळणे अवघड होते आणि वरून नवा पत्रा जोडण्याचा खर्च काही हजारांत जातो. तपासणी आणि नाव बाहेर काढणे मिळून ९०० पौंड धरा. नाव बाहेर येणारच आहे, तर तळाला डांबरी रंगाचा नवा हातही त्याच वेळी देऊन घ्या; दर दोन-तीन वर्षांनी तो द्यावाच लागतो, आणि गंजाने झालेले नुकसान कोणताही विमा भरून देत नाही.

हे पैसे आणायचे कुठून, हा पुढचा प्रश्न. सध्या आपण गाडीचा विमा मासिक हप्त्यांत भरता, त्यामुळे ६९० चे ७८० होतात. हे साधे महागडे कर्ज आहे आणि ते आजच थांबवा. ७८० अधिक नावेचे ११०, म्हणजे आपण आताही ८९० देता. खरा पत्ता आणि खरा नावेचा विमा मिळून १,४५० होतील, तेही एकरकमी भरले तर. फरक वर्षाला ५६०, म्हणजे महिन्याला ४७. तपासणीचे ९०० हा पहिल्या वर्षाचा वेगळा खर्च आहे. या वर्षीचे सगळे मिळून २,३५० शिल्लकीतून भरा, ३,६५० उरतील, आणि त्यांत दरमहा दोनशे टाकत ती पुन्हा वर न्या.

गाडीसोबत विक्रेत्याने आपल्याला ३२० पौंडांचा तीन वर्षांचा गॅप विमा दिला आहे. पॉलिसीने दिलेली रक्कम आणि गाडीची खरेदी किंमत यांतला फरक भरून देणारा हा विमा नव्या, कर्जावर घेतलेल्या गाडीला कधी उपयोगी पडतो. रोख घेतलेल्या जुन्या गाडीला तो देण्याचे मला एकही सबळ कारण दिसत नाही. अशा विम्यात ग्राहकांनी भरलेल्या रकमेपैकी जेमतेम ६ टक्के रक्कम दाव्यांत परत जाते, असे आढळल्यावर ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने २०२४ मध्ये अनेक कंपन्यांना त्याची विक्री थांबवायला लावली होती. शिवाय सगळी माहिती हाती दिल्यावर दोन दिवस जाऊ दिल्याशिवाय विक्रेत्याला तो स्वतःहून विकता येत नाही, असा नियम २०१५ पासून आहे, आणि आपण तर लिहिता की गाडीच्या कागदांसोबत त्याच दुपारी सही घेतली. तो रद्द करा, उरलेल्या २२ महिन्यांचे सुमारे १९५ पौंड परत मागा आणि त्या दुपारच्या विक्रीबद्दल लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर वित्तीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे विनाशुल्क जाता येते.

राहता राहिली आपली आशा, की दहा वर्षांनी नाव घेतली त्याच किमतीला विकून घर घेताना सुरुवातीला भरायच्या रकमेची सोय होईल. तेव्हा नाव चाळिशीला आलेली असेल आणि जो घेईल त्याची विमा कंपनीही पत्र्याची जाडीच विचारेल. नाव ही झिजणारी वस्तू आहे. २०२०-२१ मध्ये मागणी वाढून भाव चढले म्हणून ती जमीन होत नाही. घर घ्यायचेच असेल, तर त्याचे पैसे वेगळे साठवा. लाइफटाइम आयसा हे बचत खाते वयाच्या ४० वर्षांआधी उघडावे लागते, त्यात वर्षाला ४,००० पौंडांपर्यंत भरता येतात आणि सरकार वर २५ टक्के घालते. आपल्याला त्यासाठी चार वर्षेसुद्धा उरलेली नाहीत. मात्र जगात कुठेही आपल्या नावावर घर असेल, आपण पत्रात लिहिलेला पुण्यातला आईवडिलांसोबतचा सामाईक फ्लॅटही त्यात आला, तर पहिल्या घरासाठी ते पैसे काढता येत नाहीत आणि मुदतीआधी काढल्यास २५ टक्के कापले जातात. म्हणून खाते उघडण्याआधी तो फ्लॅट कोणाच्या नावावर आहे ते कागद पाहून ठरवा.

सोमवारी पहिला फोन नावेच्या विम्यासाठी करा, दुसरा गाडीसाठी. तपासणीची तारीख मिळेपर्यंत जी कंपनी मर्यादित संरक्षण देईल ते घ्या, आणि तोपर्यंत लॉकमधून उतरताना दोघांपैकी एकाने फक्त मागच्या पांढऱ्या रेघेकडे पाहत उभे राहावे. अहवाल आला की पत्र्याचे आकडे मला कळवा. ते ४ च्या जवळ असतील तर कर्ज लवकर फेडण्याचा विचार बाजूला ठेवून दुरुस्तीचा हिशोब आधी मांडावा लागेल.