सोलापुरात राहून नॉइज रॉक बँडमध्ये करिअर होतं का, की पुण्याला जावं?

पैशाचं विचारत असशील तर नाही. पुण्याला गेलास तरी नाही.

तू लिहिलंयस की सेकंड इयरला आहेस, तिघांचा नॉइज रॉकचा, म्हणजे गिटारच्या गोंगाटालाच संगीत मानणारा बँड आहे, इथं ऐकणारं कोणी नाही, कॉलेज सोडून पुणं गाठावं का. हेच सगळं मी आमच्या बेसवाल्याच्या तोंडून ऐकलंय म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथं नुसता वाचत असतो.

आमच्याकडं ड्रमर नव्हता आणि जागाही नव्हती. घरी गिटारचा अँप्लिफायर, म्हणजे अँप लावला की खालचे काका जिना चढून वर यायचे. मग बेसवाल्याच्या मामांचा पूर्व भागात टॉवेलचा कारखाना होता तिथं रात्रपाळीत जाऊन वाजवायला लागलो, कारण वीसेक लूम चालू असताना आमची तक्रार कोण करणार? आणि तिथं गेल्यावर कळलं की ड्रमरची गरजच नाही. प्रत्येक लूमचा खटका शेजारच्यापेक्षा जरासा पुढंमागं पडतो, त्यामुळं ठेका एका जागी थांबतच नाही, सरकत राहतो, आणि तो छातीत बसतो. अमेरिकेतल्या बिग ब्लॅक बँडनं ड्रमरऐवजी रोलँड कंपनीचं ड्रम मशीन घेतलं आणि रेकॉर्डवर मेंबरांच्या यादीत 'रोलँड' असं नाव छापलं, तसं आम्ही लूमला मेंबर करून टाकलं.

एका रात्री मी गिटारच्या तारांखाली स्क्रूड्रायव्हर अडकवून (सॉनिक यूथ बँडवाले हेच करायचे, ड्रमस्टिकपण घालायचे) अँपसमोर फीडबॅक (गिटार अँपजवळ नेली की घुमत राहणारा आवाज) धरून उभा होतो, मस्त लागलं होतं, आणि लाइट गेली. अँप गप, लूम गप. लॅपटॉप बॅटरीवर होता तो तेवढा रेकॉर्ड करत राहिला. आणि त्या अंधारात एक विणकर काका स्पष्ट म्हणतात, "झालं का बे तुमचं? डबा खाऊ का आता?"

माझ्या मते आमच्या बँडनं केलेलं सगळ्यात भारी काम हेच. बेसवाला म्हणाला शेवट कापू, चार मिनिटांत बसवू, एनएच सेव्हनसारख्या फेस्टिवलला पाठवायचं तर प्रोफेशनल वाटलं पाहिजे. मी म्हणलं कापणार नाही. तो म्हणाला तुला मोठंच व्हायचं नाही. त्यावरून जे वाजलं ते वाजलं, तो कॉलेज सोडून पुण्याला गेला, आता लग्नाच्या संगीतात आणि कंपन्यांच्या पार्ट्यांत हिंदी गाणी वाजवतो. कमावतो चांगलं, त्यात वाईट काही नाही. पण सोलापूरला आला की चारचौघांत ऐकवतो, ह्यानं ऐकलं असतं तर आज आपण कुठं असतो!

कुठं असतो बे? सॉनिक यूथ १९८१ ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले, मोठ्या कंपनीकडून म्हणजे गेफेनकडून त्यांचा पहिला अल्बम 'गू' आला १९९० ला. मधली नऊ वर्षं छोटी लेबलं, व्हॅनमधून टूर, आणि त्यातच 'ईव्हॉल', 'सिस्टर', 'डेड्रीम नेशन' एवढं सगळं करून झालं होतं. तेही न्यूयॉर्कमध्ये राहून. आणि बिग ब्लॅक तर नाव होत असतानाच १९८७ ला बंद झाले, कारण त्यांचा गिटारवाला सँटियागो दुरँगो वकिलीच्या कॉलेजला निघाला. होय, शिकायला! बिग ब्लॅक काढणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीचं पोट पुढं बँडवर नाही, दुसऱ्यांचं रेकॉर्डिंग करण्यावर चाललं. १९९३ चा निर्वाना बँडचा 'इन युटेरो' अल्बम त्यानं ठरलेली फी घेऊन केला, रॉयल्टी नको म्हणाला, नंतर शिकागोत स्वतःचा स्टुडिओ काढला आणि २०२४ ला जाईपर्यंत तेच काम केलं. म्हणजे करिअर असलंच तर ते माइक कुठं ठेवायचा ह्यात आहे. ते शीक. त्यासाठी कॉलेज सोडावं लागत नाही, आणि हे मी बेसवाल्याला तेव्हाही सांगत होतो.

पुण्यात गिग मिळतात हे खरं, नाही म्हणत नाही. मिळाला तर जाऊन वाजव आणि परत ये. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जायला बरं पडतं, परत यायला मात्र रात्रीची दुसरी गाडी बघ, कारण हुतात्मा संध्याकाळीच सुटते आणि तुझा नंबर तोवर लागलेला नसतो. तुझ्या घरची परिस्थिती मला माहीत नाही, तिथं नातेवाईक असतील, राहायची सोय असेल तर वेगळा विचार कर.

इअरप्लग घे, ह्यात कंजूषपणा नको, माझ्या डाव्या कानात झोपताना शिट्टी वाजते. उघड्यावर वाजवणार असाल तर रात्री दहाच्या आत आवरा, स्पीकरचा नियम गणपतीत सैल होतो, तुमच्यासाठी होणार नाही.

आणि रेकॉर्डिंगची मूळ फाइल कुणाकडं राहणार हे बँड चालू असतानाच ठरवा. आमची माझ्याकडं आहे. परवापण बेसवाल्यानं मागितली, काकांचा आवाज कापून रील करायचीय म्हणे. देणार नाही.